खोटी नाणी, नाणेसंग्रहाचा छंद आणि इतिहासाचा पुरावा : एक विवेचन

बीजसंज्ञा : नाणकशास्त्र, बनावट नाणी, शिवराई, जोगळटेंभी संचय, प्राप्तिस्थळाची नोंद

१. प्रस्तावना

मराठी भाषेत नाण्याने माणसाच्या पारखीला कितीतरी शब्द दिले आहेत. सचोटीच्या माणसाला आपण ‘खणखणीत नाणे’ म्हणतो, नावलौकिकाला ‘बट्टा लागतो’ आणि संकटाच्या वेळी माणसाची ‘पारख’ होते. हे शब्दप्रयोग पेढीवरून भाषेत आले. चांदीचा रुपया दगडावर आपटला की त्याचा नाद खणखणीत येई. हीणकस नाण्यावर सराफ बट्टा कापून घेई. सरकारी खजिन्यात भरणा होणारे प्रत्येक नाणे पारखून घेण्यासाठी पोतदार नावाचा अधिकारी असे. आज आडनावापुरत्या उरलेल्या या हुद्द्यामागे एक व्यावहारिक गरज होती : जेथे नाणे आहे तेथे खोटे नाणेही आहे.

नाणी व्यवहारातून निघून संग्रहात गेली तरी खोट्या नाण्यांचा प्रश्न संपला नाही; त्याचे केवळ स्वरूप पालटले. महाविद्यालयात इतिहास शिकविणाऱ्या बहुतेक अध्यापकांकडे कधी ना कधी एखादा विद्यार्थी वा पालक रुमालात बांधलेले जुने नाणे घेऊन येतो. त्याचे प्रश्न सहसा दोनच असतात : ‘हे खरे आहे का?’ आणि ‘याची किती किंमत येईल?’ तिसरा प्रश्न, म्हणजे ‘हे कोठे व कशासोबत सापडले?’, हा तो स्वतः विचारीत नाही आणि बहुधा आपणही त्याला विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की हा तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. खोट्या नाण्याने संग्राहकाचा खिसा रिकामा होतो हे खरेच. परंतु त्याहून मोठी हानी इतिहासाच्या पुराव्याची होते आणि ती भरून येत नाही.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) बनावट नाण्यांचे त्यांच्या निर्मितीमागील हेतूनुसार वर्गीकरण करणे. (२) नाणेपरीक्षणाच्या प्रचलित कसोट्या व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे. (३) प्राप्तिस्थळाच्या नोंदीचे महत्त्व उदाहरणाने दाखविणे. (४) नाणेसंग्राहक व महाविद्यालये यांच्या जबाबदारीचा विचार मांडणे.

३. बनावट नाण्यांचे प्रकार

‘बनावट नाणे’ या एकाच नावाखाली परस्परांहून भिन्न अशा चार गोष्टी मोडतात. त्यांची गल्लत केल्याने संग्राहक फसतो आणि अभ्यासकही चुकतो.

(अ) समकालीन बनावट नाणी : चलनात खपविण्यासाठी त्याच काळी तयार केलेली खोटी नाणी या वर्गात येतात. त्यांचा इतिहास नाण्यांइतकाच जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पाडण्याचे काम पाहणारा लक्षणाध्यक्ष आणि नाण्यांची परीक्षा करणारा रूपदर्शक असे दोन स्वतंत्र अधिकारी सांगितले आहेत. खोटे नाणे पाडणारा, स्वीकारणारा व चलनात आणणारा यांना एक हजार पणांचा दंड, तर ते राजकोशात मिसळणाऱ्याला देहान्त शासन सांगितले आहे. शिक्षेतील हा फरक बोलका आहे : लोकांना फसविणे हा गुन्हा, राज्याला फसविणे हा महाअपराध. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ मुलामा दिलेली प्राचीन आहत नाणी आज आढळतात, तीही याच वर्गातील. अशी नाणी अभ्यासकाला टाकाऊ नाहीत. कोणत्या काळात, कोणत्या बाजारपेठेत, कोणत्या मूल्याचे नाणे खोटे पाडणे लाभदायक होते, हे ती सांगतात.

(आ) अनुकृती : काही नाण्यांची नक्कल फसवणुकीसाठी नव्हे, तर प्रतिष्ठेसाठी वा अलंकारासाठी झाली. महाराष्ट्रातील पुतळ्यांची माळ हे त्याचे घरोघरी परिचित उदाहरण होय. व्हेनिस येथील सोन्याचे डुकाट नाणे व्यापाराच्या ओघात भारतात आले. त्यावरील मानवी आकृतींमुळे त्याला येथे ‘पुतळी’ हे नाव पडले. पुढे सोनारांनी त्याच्या नकला घडविल्या. मूळ नाण्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक आहे. नकलांमध्ये ही आकृती उत्तरोत्तर साधी होत गेली आणि लॅटिन अक्षरांच्या जागी अर्थहीन रेघा आल्या. अशा पुतळीला खोटे नाणे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती सागरी व्यापाराचा आणि लोकांच्या आवडीचा पुरावा आहे.

(इ) संग्राहकांसाठी केलेली बनावट नाणी : जुन्या नाण्याला धातूच्या मूल्याहून अधिक किंमत येऊ लागली, तेव्हा हा प्रकार जन्मास आला. युरोपात सोळाव्या शतकात पादुआ येथील जिओवानी दा काव्हिनो याने रोमन नाण्यांच्या धर्तीवर उत्कृष्ट कलाकृती घडविल्या; त्या पुढे अस्सल म्हणूनही विकल्या गेल्या. जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) याने प्राचीन व मध्ययुगीन नाण्यांचे शेकडो ठसे स्वतः कोरले आणि त्यांपासून पाडलेली नाणी संग्राहकांच्या गळी उतरविली. आपल्याकडे शिवकालीन सुवर्ण होन अत्यंत दुर्मीळ असल्यामुळे त्याच्या नकला होतात. विसाव्या शतकातील उदाहरण द्यायचे तर सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे आणि १९३८ सालचा सहज मिळतो. तेव्हा शेवटचा आठ कोरून त्याचा नऊ करणे ही जुनी लबाडी आहे. येथे नाणे अस्सल, धातू अस्सल, केवळ एक अंक खोटा असतो.

(ई) काल्पनिक नाणी : जी कधी अस्तित्वातच नव्हती अशी ‘जुनी’ नाणी या वर्गात येतात. राम-लक्ष्मण-सीता, हनुमान वा कमळ यांची चित्रे, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १६१६, १७१७ वा १८१८ असे वर्ष असलेले तांब्या-पितळेचे ‘आणे’ सर्वत्र आढळतात व त्यांना लाखो रुपये मिळतात अशी समजूत आहे. येथे प्रयोगशाळेची गरज नाही. इतिहासाचे सामान्य ज्ञान पुरेसे आहे. १६१६ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो जहांगीराच्या दरबारात कंपनीसाठी व्यापारी सवलतींची याचना करीत होता. मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले ते १६६८ साली. कंपनीच्या संपूर्ण प्रदेशासाठी एकसारखी नाणी सुरू झाली ती १८३५ साली. दक्षिणेत कंपनीने देवप्रतिमा असलेले सुवर्ण होन पाडले हे खरे आहे. परंतु वर वर्णिलेले ‘आणे’ तिने कधीही पाडले नाहीत. तीर्थक्षेत्री मिळणाऱ्या रामटंका आदी भक्तिमुद्रांची परंपरा वेगळी व प्रामाणिक आहे. तिचा आधार घेऊन ही नाणी खपविली जातात. तांदूळ ओढून घेणाऱ्या ‘राइस पुलर’ नाण्याच्या नावाने होणारी फसवणूकही याच जातीची. धातूच्या नाण्याने तांदूळ ओढला जात नाही हे शास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थीही सांगेल; परंतु लोभापुढे शास्त्र दुबळे ठरते.

या चार वर्गांखेरीज एका उलट्या प्रकाराचीही नोंद घेतली पाहिजे. दहा रुपयांची काही नाणी खोटी आहेत अशी अफवा पसरून अनेक ठिकाणी दुकानदारांनी ती नाकारली. अखेर वेगवेगळ्या वेळी काढलेल्या १४ रचनांची दहा रुपयांची नाणी वैध असल्याचे स्पष्टीकरण रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये द्यावे लागले. खरे नाणे खोटे ठरविले जाते, तेव्हाही कारण तेच असते : पाहणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत याची माहिती नसते.

४. नाणेपरीक्षणाच्या कसोट्या व त्यांच्या मर्यादा

नाणे पाडण्याच्या व ओतण्याच्या क्रियांतील भेद हा परीक्षणाचा पाया आहे. अस्सल नाणे बहुधा दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून आघाताने पाडलेले असते. आघातामुळे धातू ठशाच्या खोबणीत दाबला जातो व अक्षरांच्या कडा स्पष्ट उमटतात. बनावट नाणे पुष्कळदा अस्सल नाण्याचा साचा घेऊन ओतलेले असते. त्यात अक्षरांच्या कडा बोथट होतात, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे राहतात आणि साच्याचे दोन भाग जुळतात तेथे काठावर रेघ उमटते; ती कानशीने घासल्याची खूणही भिंगातून दिसते. हाताने पाडलेली दोन नाणी कधीही तंतोतंत सारखी नसतात. म्हणून एकाच जागी सारखाच ओरखडा, सारखीच चीर आणि ठसा सारखाच एका बाजूला सरकलेला अशी दोन नाणी आढळली, तर त्यांतील एक तरी ओतीव आहे असे समजावे.

याचा अर्थ प्रत्येक ओतीव नाणे खोटे असा मात्र नाही. प्राचीन भारतात अधिकृत नाणीही ओतली जात. रोहतकजवळील खोकराकोट येथे १९३६ साली यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे मिळाले. त्यांचा मूलगामी अभ्यास केला तो बिरबल साहनी यांनी. ते पुरावनस्पतिशास्त्रज्ञ होते. नाणी ओतण्याच्या प्राचीन भारतीय तंत्रावरील त्यांचा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. विद्याशाखांच्या भिंती ओलांडणारे संशोधन कसे असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरी कसोटी वजन व विशिष्ट गुरुत्व यांची. ती कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत घेता येते. ब्रिटिश काळातील १८३५ नंतरच्या चांदीच्या रुपयाचे प्रमाण वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, व चांदीचे प्रमाण शेकडा ९१.७ होते, १९४० पासून ते निम्म्यावर आणले गेले. शेकडा ९१.७ चांदी व उरलेले तांबे अशा मिश्रधातूचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १०.३ येते. म्हणून असा रुपया पाण्यात बुडवून तोलला असता त्याच्या वजनात सुमारे १.१३ ग्रॅमची घट झाली पाहिजे. तांबे, निकेल व जस्त यांच्या ‘जर्मन सिल्व्हर’चा तेवढ्याच वजनाचा रुपया असेल, तर ही घट १.३४ ग्रॅमच्या आसपास येते. फरक लहान असला तरी चांगल्या तराजूवर निश्चित दिसतो आणि नाण्याला यत्किंचितही इजा होत नाही.

क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूंचे प्रमाण मोजणारी उपकरणे आता अनेक ठिकाणी उपलब्ध आहेत. परंतु ती मुख्यतः पृष्ठभागाचे मापन करतात. मुलामा दिलेल्या नाण्यावर अथवा दीर्घकाळ जमिनीत राहिल्याने पृष्ठभागावरील तांबे झिजलेल्या नाण्यावर त्यांचा निष्कर्ष दिशाभूल करू शकतो. नादाची जुनी परीक्षाही अशीच सापेक्ष आहे, कारण चीर गेलेले अस्सल नाणेही बद्द वाजते.

या सर्व कसोट्यांना एक समान मर्यादा आहे. कसोटीला न उतरलेले नाणे बहुधा खोटे ठरविता येते. परंतु सर्व कसोट्यांना उतरलेले नाणे त्यामुळे खरे ठरत नाही. योग्य शुद्धतेच्या चांदीत, योग्य वजनाचे, काळजीपूर्वक कोरलेल्या ठशाने पाडलेले आधुनिक नाणे तराजू व भिंग या दोहोंना चकवू शकते. तेथे निर्णय द्यायचा तर नाण्याचे इतिवृत्त लागते.

काळनिश्चितीतही अशीच सावधगिरी हवी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई पाहिली की ती शिवरायांनी पाडलेली, असा समज होतो. वस्तुतः त्याच नावाने शिवराई त्यांच्या नंतरही दीर्घकाळ पाडली जात होती व तिचे अनेक प्रकार आढळतात. अशी उत्तरकालीन शिवराई खोटी नाही; परंतु ‘महाराजांच्या काळातील’ म्हणून तिची विक्री होते, तेव्हा खरे नाणे असत्याचे साधन बनते.

५. प्राप्तिस्थळाची नोंद : जोगळटेंभीचा धडा

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा संचय मिळाला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची १३ हजारांहून अधिक नाणी होती. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. म्हणजे सुमारे दोन तृतीयांश नाणी पुनर्मुद्रित होती. जित राजाच्या मुखवट्यावर जेत्याचे पर्वतचिन्ह उमटलेले पाहून कोणत्या राजाने कोणाचे राज्य घेतले, याविषयी शंका उरत नाही. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे नाशिक येथील लेण्यातील गौतमी बलश्रीचा शिलालेख सांगतो. त्या विधानाला या संचयाने स्वतंत्र व भक्कम आधार दिला.

आता अशी कल्पना करावी, की ही नाणी सापडताच चार-चार, दहा-दहा करून बाजारात विकली गेली असती. प्रत्येक नाणे अस्सलच राहिले असते. कदाचित प्रत्येकाला चांगली किंमतही आली असती. परंतु पुनर्मुद्रित व मूळ नाण्यांचे प्रमाण, ती एकत्र असल्याची वस्तुस्थिती आणि स्थळ, हे सर्व नष्ट झाले असते. एकेकट्या पुनर्मुद्रित नाण्याकडे पाहून ‘हा दुहेरी ठसा बनावट तर नाही?’ अशी शंकाही एखाद्याने घेतली असती. नाण्याचा अर्थ नाण्यात थोडा आणि त्याच्या संगतीत फार असतो, तो असा.

नोंद नसली की काय होते याचे उदाहरण युरोपात मिळते. १७१३ साली ट्रान्सिल्व्हेनियात सापडल्याचे सांगितलेल्या काही सुवर्णनाण्यांवर ‘स्पॉन्सियन’ या रोमन सम्राटाचे नाव आहे. या नावाचा सम्राट अन्य कोणत्याही साधनात आढळत नाही. एकोणिसाव्या शतकात ही नाणी बनावट ठरविली गेली. २०२२ साली काही संशोधकांनी त्यांवरील झीज व मातीचे कण तपासून ती अस्सल असल्याचे प्रतिपादन केले; इतर नाणकशास्त्रज्ञांनी ते अमान्य केले. एक सम्राट होऊन गेला की नाही, हा प्रश्न नाण्यांच्या खरेपणावर अडून राहिला आहे. प्राप्तीची सविस्तर, विश्वसनीय नोंद असती तर वादाला एवढी जागाच राहिली नसती.

६. कायद्याची बाजू

नाणी खोटी पाडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ नुसार गंभीर गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी अमलात आली. मात्र या तरतुदींचा रोख चलनात असलेल्या नाण्यांकडे आहे. आज कोणी सातवाहन नाण्याची नक्कल केली, तर चलनाला धक्का पोचत नाही. ती नक्कल अस्सल म्हणून विकली गेली, तर तो फसवणुकीचा म्हणजे कलम ३१८ चा विषय होतो. फसवणूक सिद्ध करायची तर विक्रेत्याने नेमके काय सांगितले हे दाखवावे लागते. म्हणून नाण्याचे पूर्ण वर्णन असलेली सहीनिशी पावती हे संग्राहकाचे मोठे संरक्षण आहे.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांविषयी १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येतात व परवान्याविना ती देशाबाहेर नेता येत नाहीत. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली आपले नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे; असा कोणताही व्यवहार बँक करीत नाही.

७. संग्राहक व महाविद्यालये यांची जबाबदारी

नाणेसंग्रहाचा छंद आणि नाणकशास्त्र ही परस्परविरोधी नाहीत. १९१० साली अलाहाबाद येथे स्थापन झालेल्या भारतीय मुद्रा परिषदेच्या पहिल्या पिढीत अधिकारी व संग्राहक खांद्याला खांदा लावून काम करीत होते. नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था डॉ. परमेश्वरीलाल गुप्त या अभ्यासकाने व के. के. माहेश्वरी या संग्राहकाने १९८० साली उभी केली. संग्राहकाने डोळसपणे जमविलेले आणि नोंदीने जपलेले संग्रह हेच पुढे संशोधनाचे साहित्य होतात.

या दृष्टीने पुढील गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाला विशेष खर्चाविना करता येतील. (१) महाविद्यालयाच्या संग्रहातील प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, देणगीदार व प्राप्तिस्थळ यांची नोंदवही ठेवावी. (२) इतिहास, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून विशिष्ट गुरुत्वाचे प्रयोग करून घ्यावेत. (३) नाणे दाखविण्यास येणाऱ्याकडून ते कोठे व कसे मिळाले ही माहिती प्रथम लिहून घ्यावी. (४) नाणी चिंच वा आम्ल लावून घासू नयेत असे आवर्जून सांगावे, कारण त्यामुळे पृष्ठभागावरील पुरावा जातो. (५) अध्यापकाने नाण्याची बाजारातील किंमत सांगू नये व तोंडी प्रमाणपत्रही देऊ नये. सरांनी खरे म्हटले, एवढ्या आधारावर पुढचा व्यवहार होऊ शकतो. (६) प्रदर्शनासाठी केलेल्या प्रतिकृतींवर तसा स्पष्ट शिक्का असावा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नाण्यांच्या नकलांवर अशी खूण सक्तीची केली आहे. आपल्याकडे किल्ल्यांच्या पायथ्याशी व जत्रांतून विकल्या जाणाऱ्या होन-शिवराईंच्या प्रतिकृतींनाही हा नियम लागू व्हावा. आज शोभेची म्हणून घेतलेली वस्तू दोन पिढ्यांनंतर ‘आजोबांकडची’ म्हणून पुराव्यात शिरते.

८. समारोप

बनावट नाण्यांचा विचार केवळ फसवणुकीच्या अंगाने केल्यास तो अपुरा राहतो. समकालीन खोटे नाणे अर्थव्यवहाराचा साक्षीदार असते, अनुकृती संस्कृतिसंपर्काची खूण असते. संग्राहकासाठी रचलेले नाणे मात्र इतिहासात खोटी साक्ष देते. तराजू, भिंग व उपकरणे यांनी ही साक्ष पुष्कळदा उघडी पडते, नेहमी नाही. जेथे ती साधने थांबतात तेथे नोंद उपयोगी पडते. जुन्या काळी पोतदार खजिन्याच्या दाराशी बसून नाणे वाजवून घेत असे. इतिहासाच्या खजिन्याचे दार आज पुष्कळ अंशी अध्यापकांच्या हाती आहे. रुमालाची गाठ सोडून नाणे समोर ठेवले जाईल, तेव्हा खरे-खोटे व किंमत यांआधी ‘हे कोठे सापडले?’ एवढे विचारून उत्तर टिपून ठेवले, तरी त्या जागेचे काम आपण केले असे होईल.